निल्सच्या बागेत

स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस चार वर्षांचा असतानाची गोष्ट. वसंतातल्या एका दिवशी त्याचे वडील निल्स काही पाहुण्यांना घेऊन मोकेल्न तळ्याकाठच्या कुरणावर गेले होते. सगळे गवतात टेकले. निल्स पेशानं धर्मगुरू, पण जीव सगळा बागेत. हाताशी येईल ते रोपटं दाखवून ते पाहुण्यांना सांगू लागले, याला अमुक म्हणतात, याची मुळी अशी असते, हे अमक्या दुखण्यावर चालतं. मोठी माणसं ऐकत होती आणि तो पोरगाही कान देऊन ऐकत होता. त्या दिवसापासून त्यानं वडिलांचा पिच्छा पुरवला. दिसेल त्या झाडाचं नाव विचारायचं, विसरायचं आणि पुन्हा तेच विचारायचं. शेवटी निल्सनी सुनावलं की सांगितलेली नावं लक्षात ठेवणार नसशील, तर यापुढे एकही नाव सांगणार नाही. पुढे जगभर नाव झाल्यावर लिनियसनं स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

मी आयुष्यभर बडोद्यात मुलांना जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी जून-जुलैत फळ्यावर लिनियसचं नाव लिहायचं, प्रत्येक सजीवाला दोनशब्दी नाव देण्याची त्याची द्विनाम पद्धती समजावून सांगायची, १७५३ हे साल पाठ करून घ्यायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. निल्स आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. लिनियसच्या जन्मगावी, रोसहुल्तला जाऊन आल्यापासून मला वाटू लागलं आहे की धडा त्यांच्यापासूनच सुरू व्हायला हवा होता.

माझा मुलगा दक्षिण स्वीडनमधल्या एल्महुल्त नावाच्या लहान गावात नोकरी करतो. आयकिया या फर्निचर कंपनीचं पहिलं दुकान १९५८ साली तिथं उघडलं आणि कंपनीचा पसारा अजून तिथंच आहे, त्यामुळे त्या एवढ्याशा गावात आपल्याकडची बरीच कुटुंबं भेटतात. गावातून उत्तरेला गाडीनं थोडं गेलं की रोसहुल्त. सूनबाई म्हणाल्या, ‘आई, तिथं एक जुनं घर आहे आणि शेतं आहेत, तुम्हाला कंटाळा येईल.’ मी म्हटलं, ‘तिथंच चला.’

पोचल्यावर मात्र सूनबाईंचं म्हणणं कुणालाही पटेल. एक बसकं, लांबट लाकडी घर, छपरावर गवत वाढवलेलं. लिनियस जन्मला ते मूळ घर त्याच्या हयातीतच जळालं. आज दिसतं ते त्यानंतर बांधलेलं. जवळ एक स्मारकस्तंभ आहे. लहानशी बाग. आणि मग नजर जाईल तिकडे दगड. स्मोलांद हा भाग दगडांसाठीच प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी जमिनीतून दगड वेचून काढले आणि त्यांचे गडगे रचले. हे गडगे पाहताना मला कोकणच आठवलं, फक्त शेवाळ वेगळं.

अशा जमिनीवर निल्सना धाकट्या धर्मगुरूची जागा मिळाली होती, म्हणजे पगार बेताचा आणि पोट शेतीवर. ते शेतकऱ्याचे मुलगे. विद्यापीठात शिकायला जाताना आडनाव लागलं, तेव्हा घरच्या जमिनीवर उभ्या असलेल्या एका मोठ्या लिंडन वृक्षावरून त्यांनी लिनियस हे नाव घेतलं. बायको क्रिस्तिना, त्या परगण्याच्या मुख्य धर्मगुरूची लेक. २३ मे १७०७ रोजी त्यांना पहिला मुलगा झाला. आपल्याकडे औरंगजेब नगरजवळ मेला ते हे वर्ष, आणि शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून सुटून दक्षिणेकडे निघाले तेही याच वर्षी. बाळ रडायला लागलं की हातात फूल द्यायचे आणि ते शांत व्हायचं, असं सांगतात. पुढे सासऱ्यांच्या जागी नेमणूक झाली आणि निल्स कुटुंबासह जवळच्या स्तेनब्रोहुल्तला राहायला गेले, तेव्हा कार्ल दोन वर्षांचाही नव्हता. म्हणजे रोसहुल्तची त्याला काही आठवण असण्याचा संभवच नाही. त्याला आठवत होती ती स्तेनब्रोहुल्तची बाग, जी वडिलांनी तिथं नव्यानं उभी केली.

निल्सच्या बागकामातली एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी बागेत एक गोल, उंच वाफा केला होता. तो वाफा म्हणजे जेवणाचं मेज. त्यात लावलेली फुलझाडं म्हणजे वाढलेले पदार्थ, आणि भोवती लावलेली झुडपं म्हणजे जेवायला बसलेली पाहुणेमंडळी. दगड वेचून वेचून ज्याची पाठ मोडत असेल, त्या माणसाला हा खेळ सुचला आणि त्यानं तो स्वतःच्या हातानं मांडला. लहान मुलाला प्रत्येक झाड ओळखीच्या माणसासारखं वाटावं यासाठी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

रोसहुल्तला घरापेक्षा भोवतालची जमीन अधिक जपली आहे. स्वीडननं ती सांस्कृतिक राखीव क्षेत्र ठरवली आहे, आणि तिथली शेती शक्य तितकी अठराव्या शतकातल्या रीतीनं चालवतात. आम्ही गेलो तेव्हा कुरण फुलांनी भरलं होतं. निळी, पांढरी, पिवळी, जांभळी, आणि पायाखाली पाहावं तर प्रत्येक पावलाला निराळं पान. याचं कारण समजून घेतलं तेव्हा मी थक्क झाले. हे कुरण शेकडो वर्षं गुरांच्या वैरणीसाठी राखलं गेलं. वसंतापासून गुरांना आत सोडायचं नाही. फुलं येऊन बी पडेपर्यंत थांबायचं, मग उन्हाळ्याच्या उत्तरार्धात विळ्यानं गवत कापायचं, वाळवायचं आणि सगळं उचलून गोठ्यात न्यायचं. दरवर्षी गवताबरोबर जमिनीचा कसही थोडा उचलला जातो. जमीन हलकी राहते, त्यामुळे एखादं दांडगं गवत माजून बाकीच्यांना दडपू शकत नाही आणि लहानसहान रोपांना जागा मिळते. स्वीडनमधल्या अशा उत्तम जुन्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसहून अधिक जातींच्या वनस्पती सापडतात. त्याच जमिनीला रासायनिक खत घातलं की मोजकी गवतं उरतात. आणि कापणी सोडून दिली तर काही वर्षांत झुडपं वाढतात, मग जंगल होतं, फुलं जातात. म्हणजे ही विविधता माणसाच्या विळ्यानं टिकलेली आहे. झाडांच्या फांद्याही अशाच ठरावीक वर्षांनी छाटतात. पाल्याच्या पेंढ्या वाळवून हिवाळ्यात शेळ्यामेंढ्यांना घालायची जुनी रीत. खोड जाड, बुटकं आणि वर कोवळ्या फांद्यांचा झुबका, अशी ती झाडं दिसतात. कार्लच्या डोळ्यांनी लहानपणी पाहिलं ते असं कसलेलं, राबतं निसर्गचित्र. निर्जन अरण्य त्याच्या वाट्याला पुढे आलं, १७३२ साली तो लॅपलंडला गेला तेव्हा.

माझा आठ वर्षांचा नातू कुरणाच्या कडेकडेनं पुढे पळत होता. मी एका निळ्या, घंटेसारख्या फुलाशी थांबले, तर तो मागे वळून म्हणाला, ‘आजी, हे ब्लोक्लोका.’ मग पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळ्या मध्याचं फूल दाखवून, ‘हे प्रेस्तक्रागे.’ मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, शाळेत. बाई त्यांना रानात नेतात. पुढे पाइनच्या सावलीत त्यानं मला गुडघ्यावर बसवलं आणि जमिनीलगत पसरलेली एक नाजूक वेल दाखवली. एका देठाला दोन लहान गुलाबी घंटा, खाली झुकलेल्या, वास बदामासारखा गोड. ‘ही लिनेआ.’ ही लिनियसची सर्वांत लाडकी वनस्पती. लायडनच्या ग्रोनोव्हियस या मित्रानं तिला त्याचं नाव दिलं. चित्रकारांसमोर बसतानाही तो हीच हातात धरायचा. स्मोलांदचं प्रांतिक फूलही तीच आहे.

मला अतिशय आनंद झाला आणि त्याच क्षणी घशात काहीतरी अडकलं. या मुलाला आघाडा माहीत नाही. त्याला कुणी दाखवलाच नाही तर कसा माहीत असणार? पण बडोद्यात वाढणाऱ्या, विश्वामित्रीच्या काठानं रोज शाळेत जाणाऱ्या मुलांनाही तो माहीत नसतो. नववीच्या वर्गात ‘आघाडा कोण आणेल?’ असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहायचे.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात हे असं नव्हतं. गणपतीच्या आदल्या दिवशी आजी आम्हा पोरांना पत्री आणायला पिटाळायची. कमाटीबागेच्या मागच्या अंगाला, नदीकडच्या उतारावर, मगरींच्या भीतीनं पाण्यापासून लांब राहून आम्ही हिंडायचो. माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, मरवा, पिंपळ, जाई, हादगा. आणलेलं सगळं ओसरीवर मांडायचं आणि आजी एकेक पान उचलून विचारायची, हे काय? नाव आलं तर पान तबकात, नाही आलं तर बाजूला. आघाड्याचे कुसळी काटे फ्रॉकला चिकटलेले असायचे, ते काढता काढता उत्तरं द्यायची. आजी अक्षरओळखीपुरतीच शिकलेली होती. पण डोरली आणि काटेरिंगणी यांतला फरक तिनं शिकवला तेवढा पुढे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवला नाही. एक अंगानं सरळ वाढते, दुसरी जमिनीवर पसरते. हात लावून बघ, म्हणायची.

रोसहुल्तहून परतल्यावर मुलाच्या घरी बसून मी त्या पत्रींची शास्त्रीय नावं लिहून काढली. वनस्पतीच्या शास्त्रीय नावामागे ते देणाऱ्याच्या नावाची खूण जोडतात. लिनियससाठी नुसतं एक अक्षर असतं, एल. पिंपळ, फायकस रिलिजिओसा, एल. आघाडा, अकिरँथस अस्पेरा, एल. डाळिंब, धोत्रा, तुळस, जाई, कण्हेर, सगळ्यांमागे एल. बेल, दूर्वा, शमी, हादगा यांची प्रजाती पुढच्या शास्त्रज्ञांनी बदलली, माका आणि विष्णुक्रांता यांची तर त्यानं स्वतःच नंतर बदलली, तिथं ते अक्षर कंसात गेलं, पण पुसलं गेलं नाही. अर्जुन आणि देवदार वेगळे निघाले. ती नावं कलकत्त्याच्या वनस्पती बागेतल्या रॉक्सबर्ग या शास्त्रज्ञाकडे जातात. पण आजीच्या तबकातल्या बहुतेक पानांना जगाच्या वहीत स्मोलांदच्या या मुलानं नाव घातलं आहे. १७५३ साली, ज्या वर्षी राघोबादादा आणि दमाजीराव गायकवाडांनी अहमदाबाद घेतलं, त्या वर्षी त्याचा ‘स्पेसीज प्लँटारम’ हा ग्रंथ निघाला आणि त्यात सुमारे सहा हजार वनस्पतींना दोनशब्दी नावं मिळाली. मी इतकी वर्षं शिकवत होते आणि ही दोन टोकं कधी एकत्र धरली नव्हती.

तो हिंदुस्थानात कधी आला नाही. मग पिंपळ त्याला कुणी दाखवला? इथं मला तीन कोकणी माणसांची नावं घेतलीच पाहिजेत: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. हे कोचीतले वैद्य. डच गव्हर्नर हेंड्रिक फान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करायला घेतला, तेव्हा या तिघांनी आणि इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्यांनी त्याला झाडं ओळखून दिली, नावं दिली, गुण सांगितले. १६७५ च्या एप्रिलमध्ये तिघांनी नागरी अक्षरांत कोंकणीत आपली साक्ष लिहून दिली. ती ‘होर्तुस मलबारिकुस’च्या पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली गेली, १६७८ साली, आमस्टरडॅमला. शिवाजी महाराज तेव्हा हयात होते. छापलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. एकूण बारा खंड निघाले. पहिल्याच खंडात पेराल आणि अरयाल, म्हणजे आपले वड आणि पिंपळ, पूर्ण पानभर चित्रांसह आहेत. लिनियस हिंदी झाडांसाठी हे खंड उघडून बसायचा आणि त्यांचे दाखले द्यायचा. श्रीलंकेहून आलेला पाउल हर्मन या वैद्याचा वाळलेल्या वनस्पतींचा संग्रहही त्याच्यापुढे होता. पण वाळलेलं पान स्वतःचं नाव सांगत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, ज्यानं ते झाड रोज पाहिलं आहे, ज्याच्या आईनं त्याचा काढा करून पाजला आहे. माझ्या मते या वैद्यांची नावं प्रत्येक मराठी शाळेत लिनियसच्या शेजारी लिहिली जावीत. फळ्यावर जागा भरपूर असते.

आणि म्हणूनच लिनियसची एक गोष्ट मला सहन होत नाही. ‘सिस्टेमा नॅचुरी’ या आपल्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत त्यानं माणसांचीही वर्गवारी केली. युरोपातला माणूस कायद्यानं चालणारा, आशियातला पिवळट, उदास, लोभी, मतांच्या आहारी जाणारा, आणि आफ्रिकेतल्या माणसाबद्दल तर याहून वाईट. न पाहिलेल्या माणसांबद्दल हे त्यानं कशाच्या आधारावर लिहिलं? ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यानं झाडं लिहून घेतली, ती माणसं त्याच आशियातली होती. या वर्गवारीचा पुढच्या दोन शतकांत किती घोर वापर झाला हे आपल्याला माहीत आहे. रोसहुल्तच्या बागेत उभं राहून त्याच्याविषयी प्रेम वाटतं, ते खरं आहे, आणि हा राग त्या प्रेमाला लागूनच येतो.

हेच डोळे एखाद्या झाडासमोर मात्र लहान मुलाचे होत. हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाच्या काचघरात त्यानं १७३६ साली केळीला फुलवलं. आपल्या परसात मोरीचं पाणी पिऊन वाढणारी केळ. तिला आधी कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं, तेव्हा ती व्याली. युरोपात तोवर हे इतकं दुर्मीळ होतं की लोक पाहायला आले आणि लिनियसनं तिच्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. स्वर्गातलं निषिद्ध फळ केळंच असावं असा तर्कही त्याला मोहवत होता. तिच्या मूसा पॅराडिसियाका या नावात तो स्वर्ग अजून आहे.

क्रिस्तिनाबाईंबद्दल मात्र जीव तुटतो. मुलगा धर्मगुरू व्हावा ही त्यांची एकच इच्छा. वेक्शोच्या शाळेत घातला, तर तो रानोमाळ भटकू लागला. शिक्षकांनी निल्सना सांगितलं, याच्यानं पुस्तकी विद्या होणार नाही, एखाद्या कारागिराच्या हाताखाली ठेवा. वैद्य योहान रोथमान मध्ये पडले, मुलाला घरी ठेवून घेतलं, वैद्यक आणि वनस्पती शिकवल्या, म्हणून पुढचं सगळं घडलं. पण आईनं बागेला दोष दिला आणि धाकट्या सॅम्युअलला बागेत पाऊल टाकायची बंदी केली. सॅम्युअल पुढे वडिलांच्या जागी धर्मगुरू झाला, आईची इच्छा पुरी झाली. आणि त्यानं मधमाश्या पाळण्यावर पुस्तक लिहिलं. त्या घरात बागेपासून कुणाला वाचवता येणं शक्यच नव्हतं.

परत आल्यावर मी खंडेराव मार्केटमध्ये गेले होते. गणपती जवळ आले की तिथं पत्रीच्या जुड्या मिळतात, दोऱ्यानं बांधलेल्या. विकणाऱ्या बाईंना विचारलं, यात काय काय आहे? त्या म्हणाल्या, ‘सगळं आहे.’ मी जुडी सोडून पाहिली. चार-पाच प्रकारचा पाला होता, त्यातला निम्मा शोभेच्या झाडांचा. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विकत घेणारा कुणी नाव विचारतच नाही. देवाला काय वाहतो आहोत ते वाहणाऱ्याला ठाऊक नाही, ही गोष्ट मला दुखते. रोसहुल्तचं कुरण विळा थांबला तर जातं. पत्रीतली झाडंही विचारणारं माणूस थांबलं तर जातील. आघाडा, माका, विष्णुक्रांता यांना महानगरपालिकेच्या लेखी तण म्हणतात, आणि पावसाळ्यानंतर यंत्रानं कापून टाकतात.

यंदा भाद्रपदात मुलगा सहकुटुंब येतो आहे. बाजारातून पत्री आणायची नाही असं मी फोनवर सांगून टाकलं आहे आणि नातवाला अटही घातली आहे, नाव सांगितल्याशिवाय पान तबकात जाणार नाही. जागा हेरायला मी रोज सकाळी बाहेर पडते आहे. पिंपळ, अर्जुन, बेल कमाटीबागेत आहेत; पानं तोडायची नाहीत, पडलेली उचलायची. माका नदीच्या ओलीत भरपूर आहे. आघाडा आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी, माळीदादांना विनंती करून राखून ठेवला आहे. धोत्रा रेल्वेच्या कुंपणाकडे, रुई मोकळ्या प्लॉटवर. शमी एका देवळात आहे, पुजारीकाका हो म्हणाले आहेत. विष्णुक्रांतेचं निळं फूल सकाळीच उघडतं, म्हणून ती शोधायला लवकर निघावं लागतं. विद्यापीठाच्या मैदानाच्या कडेला मला ती सापडली. हादगा एका मैत्रिणीच्या अंगणात. देवदार इथं मिळायचा नाही, त्याच्या जागी अक्षता वाहायच्या असं गुरुजींनी सांगितलं आहे. डोरली मात्र अजून कुठं दिसलेली नाही. बडोद्यात किंवा आसपास, पादऱ्याकडे, वाघोडियाकडे, शेताच्या कुंपणात कुणी पाहिली असेल तर मला जरूर कळवा. सरळ वाढलेलं झुडूप, काटे, वांग्यासारखी जांभळट फुलं आणि पिकल्यावर पिवळी-नारिंगी होणारी लहान गोल फळं. पसरलेली असेल तर ती काटेरिंगणी, ती नको.